मंगळाचा खर्च, पितळखोऱ्याचे दाते

मंगळावर वस्तीच्या गप्पा मारणाऱ्यांनी कन्नड तालुक्यातली पितळखोरा लेणी पाहावीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून या आडदरीत भिक्षूंची वस्ती नांदली. खर्च कोणाचा? तिथल्या शिलालेखांतच दात्यांची नावे आहेत: पैठणचा गंधी मितदेव, संघकाचे पुत्र, राजवैद्य मगिल. व्यापारी वाटा जवळ होत्या, म्हणून दान पोचले. मंगळाची वाट सोयीची होते ती साधारण 26 महिन्यांनी एकदा, आणि तिथून आणून विकावा असा माल अजून कोणी दाखवलेला नाही. आपले मंगळयान सुमारे 450 कोटींत गेले, तेही माणसाविना. संशोधनासाठी सरकारने पैसा जरूर घालावा. पण मंगळावरच्या वस्तीला धंदा म्हणणाऱ्यांनी आधी गिऱ्हाईक दाखवावे.