मागील पानावरून पुढे

पर्युषण पर्व जवळ आले की पेढ्यापेढ्यांतून क्षमापनेची पत्रे निघत. आता एकच मजकूर मोबाइलवरून एका क्षणात शेकडो जणांना जातो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी मात्र या दिवसांत पुठ्ठा झिजलेली एक वही कपाटातून बाहेर निघते. ती वही आजींची. घरात लहानथोर सारे त्यांना ‘बाई’ म्हणत.

बाईंचे शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. पहाटे मुखवस्त्रिका बांधून त्या सामायिकाला बसत, की 48 मिनिटे आसन हलत नसे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. पिण्याचे पाणी दुपदरी फडक्यातून त्या स्वतः गाळीत. ते काम सुनांवर सोपविण्याइतका त्यांचा सुनांवर विश्वास नव्हता, असे धाकटी सून आजही हसत सांगते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत रात्र रात्र उशाशी बसून राहिल्या त्याही बाईच.

पुढे गोदामाच्या वाट्यावरून दोन्ही मुलांचे बोलणे बंद झाले. वाड्यात मधोमध भिंत उभी राहिली. बाई एक महिना इकडे जेवत, एक महिना तिकडे. त्या वर्षी त्यांनी अठाई केली. ‘मुले बोलल्याशिवाय पारणे करणार नाही, असे सांगून टाका,’ असे एका विहिणीने सुचविले. बाई म्हणाल्या, ‘तपाचा कधी सौदा करतात का?’

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मात्र त्यांनी दोघांना जवळ बसविले आणि व्यापाऱ्याच्या घरात कळेल अशा भाषेत सांगितले : पंधरा दिवसांचा राग पाक्षिक प्रतिक्रमणात फेडायचा, चार महिन्यांचा चौमासीला, वर्षाचा संवत्सरीला. त्यापुढे बाकी राहिला तर तो अनंतानुबंधी. मग तो या जन्माच्या खात्यात मावत नाही. एवढे बोलून त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याच्या वेळी धाकटा भिंतीला वळसा घालून आला. थोरल्याने मुगाच्या पाण्याची वाटी त्याच्या हाती दिली आणि ‘तूच पाज’ एवढेच म्हटले. गोदामाचा निकाल पंचांनी लावायला आणखी दोन वर्षे गेली, ती गोष्ट निराळी.

बाई 81व्या वर्षी गेल्या. त्यांच्या सामायिकाच्या पिशवीत आसन, माळ आणि ही वही सापडली. दर संवत्सरीचे एक पान. त्यावर ज्यांची क्षमा मागायची त्यांची नावे. जाऊबाई, दिवाणजी, भांडी घासणारी, दोन्ही सुना. क्षमा मागून झाली की नावावर आडवी रेघ. वही चाळणाऱ्या नातवाला एका पानावर स्वतःचे नाव दिसले. सहाव्या वर्षी बाईंनी त्याला विनाकारण चापट मारली होती. तो विसरला होता.

एक नाव मात्र प्रत्येक पानावर पहिल्या ओळीत होते आणि त्यावर रेघ कुठेच नव्हती. दुकानातील एका हमालाच्या बायकोचे ते नाव. पुढे लिहिलेले : ‘1972, दोन पायली ज्वारी.’ दुष्काळाच्या त्या वर्षी दुकानाची उधारी बंद झाली होती. लोक रेशनच्या मिलोवर दिवस काढीत होते. ती बाई दारात आली तेव्हा घरात पुरुषमाणूस नव्हते; ‘नाही’ म्हणाल्या त्या बाईच. ती मुलांना घेऊन खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि गावात परतली नाही. बाईंनी पुढे कितीदा तरी तिची चौकशी करविली, हे दिवाणजींनी नंतर सांगितले. शोध लागला नाही. म्हणून दरवर्षी नव्या पानावर नाव पुन्हा लिहायचे आणि शेजारी, दुकानाच्या खतावणीत लिहितात तसे, ‘मागील पानावरून’.

तो नातू आता दुकान सांभाळतो. वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत. संवत्सरीच्या दिवशी वडील आणि काका शेजारी बसलेले असताना तो नवे पान उघडतो, पहिल्या ओळीत ते नाव उतरवून घेतो, आणि मग त्याखाली स्वतःची यादी लिहू लागतो.