कोसोव्हो : नवें राज्य, जुनी भूमि

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं युरोपांत विद्येसाठीं अथवा उद्योगासाठीं राहतात, आणि सुटी मिळाली कीं पॅरिस-रोम सोडून आडवाटेचे देश पाहूं लागतात. अशा आडवाटेवर कोसोव्हो म्हणून एक लहानसें राज्य आहे. तेथें जाणारानें नकाशाच्या आधीं तेथील नांवें समजून घ्यावींत. नाहीं तर निष्पाप मनानें उच्चारलेला एखादा शब्दही यजमानाच्या जिव्हारीं लागावयाचा.

बाल्कन द्वीपकल्पाच्या मध्यभागीं, डोंगरांनीं वेढलेला, सुमारें ११ हजार चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश; २०२४ च्या शिरगणतीप्रमाणें वस्ती १६ लक्षांच्या आंत-बाहेर. ‘कोस’ म्हणजे सर्बियन भाषेंत कस्तुर पक्षी. त्यावरून हें कस्तुरांचें मैदान. याच मैदानावर १३८९ सालीं सर्बांचा अधिपति लाझार आणि तुर्कांचा सुलतान मुराद, दोघांचाही अंत झाला. पश्चिमेकडील भागास सर्ब लोक ‘मेतोहिया’ म्हणतात. त्याचा अर्थ मठांच्या जमिनी. आपल्याकडील देवस्थान-इनाम म्हणाना! तेथील बहुसंख्य अल्बेनियनांस मात्र हें नांव मुळींच खपत नाहीं. ते देशास ‘कोसोवा’ म्हणतात, आणि आपल्या राष्ट्रीय चळवळीचा आरंभ १८७८ त प्रिझ्रेन येथें भरलेल्या सभेपासून मोजतात. एकाच गांवास सर्ब ‘पेच’ म्हणतो, अल्बेनियन ‘पेया’. समोरचा माणूस जें नांव घेईल तेंच आपण घ्यावें, हें उत्तम.

गंमत अशी कीं, तीन या संख्येस अल्बेनियन ‘त्रे’ म्हणतो, सर्ब ‘त्रि’, आणि रात्रीस अल्बेनियन ‘नात’ म्हणतो, तेव्हां आम्हांस संस्कृतांतील ‘नक्तम्’ आठवल्यावांचून राहत नाहीं. भाषा एका कुळाच्या असल्यानें भांडण थांबतें असें नाहीं, हें निराळें.

पाहण्यासारखें गांव प्रिझ्रेन. नदीवर दगडी पूल, कांठीं १६१५ ची सिनान पाशाची मशीद, वर टेकडीवर किल्ला. तेथेंच चौदाव्या शतकांतील मेरीमातेचें सर्ब देवालय आहे. २००४ च्या मार्चांतील दंग्यांत तें जाळलें गेलें. त्याच्या आधीं पांच वर्षें, १९९९ च्या युद्धांत, ज्याकोवा गांवची जुनी बाजारपेठ आणि तेथील हादुम मशिदीचा ग्रंथसंग्रह आगींत गेला होता. दोन्ही पक्षांचीं गाऱ्हाणीं खरीं आहेत. प्रवाशानें त्यांचा निवाडा करूं नये, पण एकच ऐकून परतूं नये. देचानीचा मठ (१३२७–३५) तर १९९९ पासून परकीय शांतिसेनेच्या पहाऱ्यांत आहे. आंतील भिंतींवरचीं चित्रें पाहून डोळ्यांचें पारणें फिटतें, परंतु देवाच्या दारीं शिपाई उभा पाहून मनास चटका बसतो.

शाकाहारी मंडळींची तेथें अगदींच आबाळ होत नाहीं. ‘फ्लिया’ हा पदार्थ कणकेच्या पातळ पिठाचे थरावर थर, मध्यें साय घालून, वरून निखाऱ्यांनीं तापविलेल्या झांकणाखालीं भाजतात. एकेक थर सवडीनें भाजावा लागत असल्यानें घाईचा पाहुणा त्यास मुकतो.

आतां व्यवहाराचें. १७ फेब्रुवारी २००८ रोजीं या राज्यानें स्वातंत्र्य जाहीर केलें. शंभराच्या आसपास राष्ट्रांनीं तें मानलें, सर्बिया, रशिया, चीन यांप्रमाणें आपल्या सरकारनें मानलेलें नाहीं. म्हणून तेथें आपली वकिलात नाहीं. पारपत्र हरवलें तर दुसऱ्या देशांत धांवावें लागेल. शिवाय अल्बेनियाकडून अथवा विमानानें आंत शिरलेल्यास तेथून सरळ सर्बियांत जातां येत नाहीं; सर्बिया तो प्रवेश बेकायदा समजतो. दोन्ही देश पाहावयाचे असल्यास आधीं सर्बिया पाहावा. चलन युरोच आहे, तेव्हां पैशांची अडचण नाहीं.

राजधानी प्रिश्टिना येथील मुख्य पादचारी रस्त्यास कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांचें नांव आहे, आणि २०१७ त तेथें त्यांच्याच नांवाचें मोठें देवालय पुण्यवंत करण्यांत आलें. त्या अल्बेनियन घराण्यांतल्या. जन्म मात्र १९१० त, जवळच्याच स्कोपये शहरीं. तें शहर आतां उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. सर्बियांतून आलेल्या प्रवाशासही परततांना स्कोपयेची वाट धरतां येते.