बोलक्या डब्यामागची शराकत

किराणा दुकानाचा हिसाब घरी बसून लिहिणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. तीन महिन्यांत त्यांच्या शौहरच्या दुकानात तीन कंपन्यांची मुले येऊन गेली. एकाने पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स बसवला. दुसऱ्याने माल मागवण्याचे अ‍ॅप मोबाइलमध्ये टाकून दिले. तिसरा म्हणतो, कर्ज घ्या, रोजच्या जमेतून थोडे थोडे आपोआप कापले जाईल, तुम्हाला कळणारही नाही. भगिनी विचारतात, यातले काय ठेवावे आणि काय परत करावे?

‘तुम्हाला कळणारही नाही’ हे शब्द आम्हाला खटकले. हिसाब लिहिणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवे.

उर्दू शाळेत ज्याला शराकत म्हणतात आणि मराठी शाळेत भागीदारी, ती गणिताच्या पुस्तकात फार सोपी असते. एकाने 5 हजार घातले, दुसऱ्याने 7 हजार, नफा अमुक झाला, तर प्रत्येकाचा वाटा किती? तिथे भागीदार दोघे किंवा तिघे, आणि सर्वांना एकमेकांची नावे ठाऊक. काउंटरवरच्या त्या डब्यामागेही एक शराकत आहे, पण तिच्यात पाच-सहा जण आहेत आणि त्यातला एक भागीदार, म्हणजे आपला दुकानदार, बाकीच्यांना ओळखतच नाही. नवे तंत्र दुकानात येते ते कंपन्यांनी आपसांत केलेल्या करारांच्या जोरावर. ते टिकते आणि बंद पडते तेही त्या करारांमुळेच. म्हणून डबा चांगला की वाईट हे नंतर पाहू. आधी त्याच्यामागे कोण उभे आहे ते पाहू.

ग्राहकाने स्कॅनरवर मोबाइल धरला की पैसे त्याच्या बँकेतून निघून दुकानदाराच्या बँकेत जातात. मधला रस्ता यूपीआयचा. तो चालवणारी एनपीसीआय ही संस्था रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने 2008 मध्ये स्थापन झाली. यूपीआयची सुरुवात एप्रिल 2016 मध्ये 21 बँकांना बरोबर घेऊन झाली. फोनपे, गुगल पे ही नावे आपण बँकेसारखी घेतो, पण या कंपन्या बँका नाहीत. यूपीआयच्या रस्त्यावर चालायचे तर त्यांना एखाद्या बँकेचा हात धरावाच लागतो. तो हात कोणाचा, हे आपल्या यूपीआय पत्त्यातच लिहिलेले असते. गोल वेढ्यातल्या ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढे ‘वायबीएल’ असेल तर येस बँक, ‘ओकेएक्सिस’ असेल तर अ‍ॅक्सिस, ‘ओकेएसबीआय’ असेल तर स्टेट बँक. आमच्या वर्गातल्या मुलांनाही हे सांगितले की ती लगेच घरच्यांचे मोबाइल तपासतात.

हा हात सुटला तर काय होते, ते 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी देशाने पाहिले. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला 50 हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. फोनपेची भागीदार बँक तीच होती आणि एकटीच होती. फोनपे कंपनीत काही बिघडले नव्हते, तिचे सॉफ्टवेअरही ठीक होते, तरी सेवा ठप्प झाली. ज्यांचे येस बँकेत एक रुपयाही नव्हते त्यांचेही व्यवहार अडले. आयसीआयसीआय बँकेशी जोडणी करून कंपनीने सुमारे एका दिवसात काम पुन्हा सुरू केले, ही तिच्या तंत्रज्ञांची शाबासकी. पण एका खांबावर उभारलेल्या छपराचे काय होते, तेही त्या दिवसाने दाखवले.

दुसरा प्रसंग 31 जानेवारी 2024 चा. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. मुदत आधी 29 फेब्रुवारीची होती, ती पुढे 15 मार्चपर्यंत वाढली. बाजारात एकच घबराट उडाली आणि अनेकांनी पेटीएमचा स्टिकर काढून दुसरा लावला. वास्तविक रिझर्व्ह बँकेने प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात स्पष्ट केले होते की ज्या दुकानदाराचा स्कॅनर किंवा डबा दुसऱ्या कोणत्याही बँकेच्या खात्याला जोडलेला आहे, त्याचे काम 15 मार्चनंतरही चालू राहील. ज्याचे पैसे त्या पेमेंट्स बँकेतच जमा होत होते, त्याला मात्र दुसरी सोय करावी लागली. म्हणजे एकाच गल्लीत, शेजारी शेजारी, एकाच रंगाचे दोन डबे. एकाचे काम सुरळीत आणि दुसऱ्याची धावपळ. फरक फक्त खाते कुठे आहे याचा. पुढे 14 मार्चला पेटीएमला अ‍ॅक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक अशा चार बँकांसह यूपीआय चालू ठेवण्याची परवानगी मिळाली. 2020 मध्ये एक खांब होता, आता चार.

तेव्हा डबा ठेवायला आमची हरकत नाही. दुकानात गर्दी असताना मोबाइल काढून मेसेज पाहण्यापेक्षा तो बरा, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणाऱ्यांपासून बचाव होतो. यूपीआयने बँक खात्यातून पैसे घेतल्याबद्दल दुकानदाराकडून बँकेने शुल्क घ्यायचे नाही, हा नियम 1 जानेवारी 2020 पासून आहे. डब्याचे मासिक भाडे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ते कापले जाते का ते विचारा. पैसे कोणत्या बँकेच्या, कोणाच्या नावाच्या खात्यात येतात हे पासबुकावर पाहा. आणि दुसऱ्या बँकेचा एक साधा छापील कोड काउंटरखाली ठेवून द्या. त्याला भाडे नाही, वीज नाही.

माल मागवण्याच्या अ‍ॅपची गोष्ट निराळी आहे. इथे भागीदारी मोठ्यांची आहे आणि तिची किंमत कोणीतरी तिसरा मोजू शकतो. एप्रिल 2020 मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 43,574 कोटी रुपये घालून 9.99 टक्के हिस्सा घेतला. जिओमार्ट, व्हॉट्सअ‍ॅप आणि छोटी दुकाने यांची सांगड घालायची, हा त्यामागचा जाहीर हेतू होता. दुकानदाराला अ‍ॅपवर एजन्सीपेक्षा स्वस्त दर दिसू लागले. मग एजन्सीवाल्यांचा संताप झाला, आणि जानेवारी 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला. त्यांचे म्हणणे असे की कंपनी आम्हाला एक भाव देते आणि मोठ्या साखळ्यांना दुसरा.

या भांडणात आम्ही वितरकांच्या बाजूचे आहोत असे नाही. दुकानदाराला स्वस्त माल मिळाला तर त्याने तो का घेऊ नये? पण एजन्सीचा माणूस दर आठवड्याला येतो, ईदच्या आधी पंधरा दिवसांची उधारी देतो, मुदत संपलेली बिस्किटे परत नेतो. त्याचेही दुकानाशी वर्षानुवर्षांचे नाते आहे, फक्त ते कागदावर नाही. अ‍ॅपच्या दरात ही उधारी आणि ही परतफेड धरलेली आहे का, ते दोन महिन्यांच्या बिलांवरून पडताळून मगच दर ताडून पाहावेत. आमचा सल्ला असा की काही माल अ‍ॅपवरून घ्या, पण जुन्या माणसाला तोडू नका. अ‍ॅपची सवलत कंपनीच्या मर्जीवर असते.

सरकारच्या पुढाकाराने 31 डिसेंबर 2021 रोजी स्थापन झालेले ओएनडीसी याच अडचणीवर एक उपाय म्हणून आले. ग्राहकाचे अ‍ॅप एका कंपनीचे, दुकानदाराचे दुसऱ्याचे, माल पोहोचवणारा तिसरा, आणि तरी सौदा पूर्ण व्हावा, अशी ती कल्पना आहे. यूपीआयमध्ये कोणत्याही अ‍ॅपने कोणताही स्कॅनर चालतो तसे. कल्पना आम्हाला आवडते. मात्र माल खराब निघाला तर तिघांपैकी कोणाचे दार ठोठवायचे, हे दुकान जोडण्याआधी समजून घ्यावे लागते.

आता कर्ज. यावर आम्ही स्पष्टच बोलतो. जो मुलगा कर्ज घेऊन आला, त्याची कंपनी बहुधा कर्ज देत नाही. ती मध्यस्थ असते आणि पैसे एखाद्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे असतात. व्याज टाळणाऱ्या घरांनी हे ओळखावे की ‘सेवा शुल्क’ आणि ‘रोजचा छोटा हप्ता’ अशा गोड नावांमागे ते बसलेले असू शकते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार कर्जाची रक्कम मध्यस्थाच्या खात्यातून न फिरता देणाऱ्याकडून थेट घेणाऱ्याच्या खात्यात यायला हवी, आणि सही करण्याआधी वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेले माहितीपत्रक द्यायला हवे. ते पत्रक मागा. देत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकरातली 282 वी. आपल्या घरांत ती पढली जाते, आणि तरी मोबाइलवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबताना वर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. करार मराठीत मिळतो का ते विचारा. नसेल तर बी.कॉम. करणाऱ्या मुलीला वाचायला सांगा, तेवढे इंग्रजी तिला येते. आणि डबा, अ‍ॅप, खाते यांची नावे, भाडे आणि तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

तिथेच तक्रारीचे क्रमांकही लिहा. येणाऱ्या मुलाचा स्वतःचा मोबाइल नंबर पुरत नाही, ही मुले वर्षभरात नोकरी बदलतात. कंपनीचा आणि बँकेचा अधिकृत क्रमांक घ्या. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि 14448 वर फोन करून त्याची माहिती मिळते.