विश्लेषण : अवघड जागेच्या प्रश्नांना सरळ उत्तरे कधी मिळणार?

सेक्स टॉय आता अहिल्यानगरच्या तालुक्यांतही कुरिअरने पोहोचतात, पण ते सुरक्षितपणे कसे वापरायचे हे सांगणारे कुणी नाही. विशेषतः गुदमार्गात वापरायच्या साधनांबाबतचे अज्ञान थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेऊ शकते. हा धोका कसा टाळायचा आणि या विषयावर मोकळेपणाने बोलणे का गरजेचे आहे? (हा मजकूर १८ वर्षांवरील वाचकांसाठी आहे.)

विषय आताच का?

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण मराठी माणूस हसत हसत वापरतो. लहान गावात मात्र ती रोजची अडचण आहे. शेवगाव, पाथर्डी किंवा जामखेडमध्ये मेडिकलवाला ओळखीचा असतो, दवाखान्यातला कंपाउंडर भावकीतला निघतो आणि पार्सल घेऊन येणारा मुलगा शेजारच्या गल्लीतला असतो. त्यामुळे प्रश्न विचारलाच जात नाही. वस्तू मात्र मोबाइलवर दोन मिनिटांत मागवता येते. ती ‘मसाजर’ या नावाने साध्या खोक्यातून येते. सोबतची माहिती असलीच तर बारीक अक्षरांतली आणि परक्या भाषेतली.

वस्तू घरात आली, पण तिच्याबद्दलचे ज्ञान आले नाही. खरी अडचण या दरीत आहे. अशी साधने वापरावीत की नाही, हा प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा खासगी निर्णय. जो वापरणार आहे त्याला इजा होऊ नये, हा मात्र सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ नुसार अश्लील वस्तूंची विक्री आणि प्रदर्शन हा गुन्हा आहे. त्या कलमात सेक्स टॉयचे नाव नाही. सीमाशुल्क विभाग १९६४ च्या एका अधिसूचनेचा आधार घेऊन ‘अश्लील वस्तूं’ची आयात रोखतो. याच आधारावर ‘बॉडी मसाजर’चा साठा जप्त झाल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. वस्तूचा तसाही वापर होऊ शकतो, एवढ्यावरून ती प्रतिबंधित ठरत नाही, अशा आशयाचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि आयातदाराच्या बाजूने दिलेला न्यायाधिकरणाचा आदेश कायम राहिला.

त्याआधी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळले होते. थोडक्यात, संमतीने, खासगीत, प्रौढांनी काय करावे यात पोलिसांचे काम नाही. डॉक्टरकडे गेलो तर गुन्हा नोंदवतील, या भीतीने घरी बसून राहणे म्हणूनच चुकीचे आहे. कुणी जबरदस्ती केली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उपचार आणि तक्रार हे दोन्ही पीडित व्यक्तीचे हक्क आहेत.

शरीराचा हा भाग वेगळा का?

गुदद्वाराशी दोन स्नायूंची कडी असतात. बाहेरचे कडे आपल्या इच्छेने आवळता आणि सैल सोडता येते. आतले कडे आपल्या ताब्यात नसते. ते भीतीने, घाईने किंवा वेदनेने अधिकच आवळते. म्हणून इथे जोर चालत नाही. जोर लावला की त्वचेला चीर पडते. शौचाला बसताना होणारी फिशरची आग ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे नैसर्गिक ओलावा नसतो आणि आतले अस्तर नाजूक असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. योनीमार्ग आत गर्भाशयाच्या मुखाशी संपतो, गुदाशय मात्र पुढे मोठ्या आतड्याला जोडलेला असतो. गुदाशयाची लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर असते आणि त्यानंतर आतडे वळते. आत निसटलेली वस्तू स्नायूंच्या हालचालीने आणखी वर सरकू शकते. मग ती हाताला लागत नाही.

या भागात मज्जातंतूंची टोके दाट असतात, पुरुषांमध्ये शेजारीच प्रोस्टेट ग्रंथी असते. त्यामुळे काहींना या स्पर्शातून सुख मिळते, काहींना अजिबात मिळत नाही. दोन्ही स्वाभाविक आहे. त्यावरून कुणाचा लैंगिक कल ठरत नाही. विवाहित स्त्री-पुरुषही अशी साधने वापरतात.

पहिल्यांदा वापरताना कोणती साधने टाळावीत?

सर्वाधिक धोका दुकानातल्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तूंचा असतो. काकडी-गाजर आत तुटते. शाम्पूची किंवा काचेची बाटली आत गेल्यावर निर्वात पोकळी तयार होऊन अडकते. मेणबत्ती मोडते. स्प्रेच्या डब्याला धरायला काहीच नसते. लाजेपोटी किंवा पैसे वाचवण्यासाठी केलेला हा जुगाड सर्वांत महाग पडतो.

गुदमार्गासाठी बनवलेल्या साधनाची पहिली खूण म्हणजे त्याचे बूड. ते साधनाच्या सर्वांत जाड भागाहूनही रुंद हवे, म्हणजे साधन आत ओढले जात नाही. बूड नसलेला साधा व्हायब्रेटर किंवा सुटी ‘बुलेट’ इथे वापरू नये. दुसरी खूण पदार्थाची. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन किंवा स्टेनलेस स्टील नीट धुता येते. स्वस्त, मऊ, उग्र वासाच्या जेलीसारख्या प्लॅस्टिकला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत जंतू राहतात. तिसरी खूण मापाची. सुरुवातीला एका बोटाहून फार जाड काही घेऊ नये, दोन-अडीच सेंटीमीटर व्यासाच्या वर तर नकोच. पृष्ठभागावर कंगोरे किंवा जोडाच्या धारदार रेषा नाहीत ना, हे बोट फिरवून पाहावे.

वंगण कोणते?

वंगणाशिवाय सुरुवातच करू नये. पाण्यावर आधारित जेली सर्व साधनांवर आणि कंडोमवर चालते. ती लवकर सुकते, म्हणून पुन्हा पुन्हा लावावी. सिलिकॉनचे वंगण जास्त वेळ टिकते, पण सिलिकॉनच्याच साधनाचा पृष्ठभाग ते खराब करू शकते. खोबरेल तेल, तूप, व्हॅसलीन यांनी लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो.

मेडिकलमध्ये नुसती ‘जेली’ मागितली तर काही वेळा लिग्नोकेनची जेली हातात पडते. ती बधिर करणारी आहे, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. बधिर करणारी क्रीम आणि स्प्रे इथे घातकच. दुखणे हा शरीराचा थांबण्याचा इशारा असतो. तोच बंद केला तर इजा झालेली कळतच नाही. दारूच्या नशेतही हेच घडते.

वापरताना काय लक्षात ठेवावे?

शौचाला जाऊन आल्यावर आणि अंघोळीनंतरची वेळ योग्य. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता पुरेशी आहे. साबणाचे पाणी आत सोडणे किंवा वारंवार एनिमा घेणे अस्तराला त्रासदायक ठरते. नखे कापलेली असावीत.

कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यास स्नायू सैल राहतात. सुरुवात बाहेरच्या हलक्या स्पर्शाने, मग वंगण लावलेल्या बोटाने, त्यानंतरच साधनाने करावी. श्वास सावकाश सोडताना, शौचाच्या वेळी देतो तसा हलका जोर दिला तर कडे आपोआप सैल होते. थोडा ताण जाणवणे वेगळे आणि दुखणे वेगळे. दुखले की थांबायचे, सावकाश बाहेर काढायचे. त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा नाही. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. साधन आत ठेवून झोपू नये.

जोडीदार सोबत असेल तर आधी बोलणे हवे. ‘नको’ म्हणजे नको आणि मध्येच ‘थांब’ म्हटले तर त्याच क्षणी थांबणे. लग्न झाले म्हणून ही संमती गृहीत धरता येत नाही.

गुदमार्गात वापरलेले साधन न धुता योनीजवळ नेऊ नये. त्यातून योनी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. साधनावर कंडोम चढवून तो प्रत्येक वेळी बदलणे हा सोपा उपाय आहे. साधने एकमेकांत वाटून वापरल्यास हेपेटायटिस बी, गनोरिया, एचपीव्ही यांसारखे संसर्ग पसरू शकतात. वापरानंतर साबण आणि कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावे. मोटार असलेले साधन जलरोधक नसेल तर पाण्यात बुडवू नये.

मूळव्याध, फिशर, भगंदर, आतड्याचा दाह असणाऱ्यांनी, नुकतीच या भागाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

वस्तू अडकली किंवा रक्त आले तर?

कागदाला लागलेला रक्ताचा एखादा पुसट ठिपका म्हणजे बारीक चीर असू शकते. काही दिवस विश्रांती द्यावी. रक्त थांबत नसेल, पोटात तीव्र दुखत असेल, पोट कडक झाले असेल, ताप किंवा उलट्या असतील तर आतड्याला छिद्र पडल्याची शक्यता असते. त्यात तासागणिक धोका वाढतो. थेट रुग्णालय गाठावे.

वस्तू अडकली असेल तर चिमटा, चमचा, जुलाबाचे औषध, एनिमा यांपैकी काहीही करू नये. असे प्रयत्न वस्तूला आणखी वर ढकलतात किंवा आतडे फाडतात. रुग्णालयात एक्स-रे काढून, भूल देऊन अशा वस्तू अनेकदा पोट न उघडता बाहेर काढता येतात. उशीर झाला आणि छिद्र पडले तर मात्र मोठी शस्त्रक्रिया अटळ होते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात उशिराची किंमत आणखी जास्त आहे. अकोल्याहून अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिकडच्या रुग्णाला संगमनेर किंवा लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ पडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. डॉक्टरांना ‘पडलो, बसलो’ अशी गोष्ट रचून सांगण्यात वेळ घालवू नये. काय वस्तू, केवढी, किती वाजता, एवढे खरे सांगितले तर उपचार सोपे होतात. रुग्णाचे गुपित राखणे वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. संसर्गाची शंका असेल तर सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिक आणि आयसीटीसी केंद्रांत मोफत तपासणी होते. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन आहे.

मग अडते कुठे?

अडते ते बोलण्यापाशी. असे छापल्याने समाज बिघडतो, हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या खासगी लैंगिक प्रश्नांना त्यात उत्तरे दिली. त्यासाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे ही अश्लीलता कशी, हा त्या खटल्यातला मुद्दा नव्वद वर्षांनंतरही तसाच शिल्लक आहे.

मधल्या काळात जगाने या वस्तूंकडे आरोग्याच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. २०२१ मध्ये ‘आयएसओ ३५३३’ हे सेक्स टॉयच्या सुरक्षिततेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक आले. त्याची सुरुवात स्वीडनमधून झाली. अडकलेल्या वस्तू काढून काढून थकलेल्या एका सर्जनचा त्यामागे पुढाकार होता. आपल्याकडे ही साधने ‘मसाजर’ म्हणून विकली जातात, त्यामुळे ती कशाची बनली आहेत आणि शरीरात कुठे वापरू नयेत, हे खोक्यावर लिहायची वेळच येत नाही. बंदी आणि चोरटी विक्री यांच्यापेक्षा मराठीत छापलेली एक सूचनापत्रिका अधिक जीव वाचवील.

जिल्ह्याला अवघड विषय नवे नाहीत. रेड लाइट वस्तीतल्या मुलांसाठी १९८९ मध्ये सुरू झालेले ‘स्नेहालय’ याच शहरातले. ज्या प्रश्नाचे नाव घेणेही नको होते, त्यावर इथे संस्था उभी राहिली. आता गरज त्याहून लहान आहे. मेडिकलवाल्याने हसू न आणता योग्य जेली द्यावी. परिचारिकेने भुवया न उंचावता केसपेपर लिहावा. डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर थांबवून रुग्णाशी बोलावे. महाविद्यालयांनी लैंगिक आरोग्याचा तास रोगांच्या यादीवर न संपवता संमती आणि सुरक्षिततेपर्यंत न्यावा.

यातल्या कशालाच निधी लागत नाही. लाजेमुळे रुग्णालयात पोहोचायला लागलेला एक दिवस मात्र कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. जावई डॉक्टर असला तरी दुखणे सांगता आले पाहिजे, आणि ऐकणाऱ्यालाही ते नीट ऐकून घेता आले पाहिजे.