शिवेल त्याचा फर्मा

'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण आमच्या गावोगावच्या शहाण्यांच्या तोंडी अजून आहे. ती म्हणताना त्यांचे बोट वहाणेकडे नसते, माणसाकडे असते. ज्याने वर येऊ नये असे वाटते, त्याच्यासाठी ही म्हण राखून ठेवलेली आहे. परंतु म्हण करणाऱ्याने पायातले कसे तयार होते हे एकदा कारागिराच्या शेजारी बसून पाहिले असते, तर इतक्या हलकेपणाने बोलण्याची त्याची छाती झाली नसती. आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढे जो विषय ठेवीत आहो, तो दिसण्यात फार लहान आहे. जोडा ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पावलावर चढवून करतात, त्या पावलाचा हा विषय आहे. त्याला फर्मा म्हणतात. जुने लोक कालबूत म्हणत. हा फर्मा कोणाच्या पायाचा आहे आणि कोणाच्या मालकीचा आहे, एवढे दोनच प्रश्न आम्हांस विचारावयाचे आहेत.

फर्मा म्हणजे पावलाची हुबेहूब नक्कल नव्हे. चालताना पाऊल पुढे सरकते, म्हणून जोडा बोटांच्या पुढे थोडा लांब लागतो. पाऊल वाकते, म्हणून त्याचे टोक जमिनीपासून किंचित उचललेले लागते. टाच घट्ट धरली पाहिजे आणि चवड्याला मोकळीक राहिली पाहिजे. हे सारे गणित फर्म्याच्या अंगात असते. कारागीर वरचे कातडे त्यावर चढवितो, पकडीने ताणतो, चुका ठोकून बसवितो आणि मग खाली तळ जोडतो. कातड्याने तो आकार धरावा म्हणून जोडा काही काळ फर्म्यावर तसाच ठेवावा लागतो.

पुढे खरी अडचण येते. जोड्याचे तोंड अरुंद आणि आत अडकलेला फर्मा लांब. जोराचा हिसका दिला तर टाचेजवळची शिवण उसवते व दिवसाची मेहनत फुकट जाते. ह्यावर कारागिरांनी आधी एक युक्ती काढली. पावलाच्या पाठीवरचा भाग फर्म्यापासून वेगळा कापावयाचा, तो तुकडा प्रथम काढावयाचा व मग उरलेला फर्मा ओढावयाचा. त्याहून चांगली युक्ती बिजागरीची. ह्यात फर्मा मधोमध आडवा कापून पुढचा व मागचा भाग बिजागरीने आणि स्प्रिंगने जोडतात. सरळ असता तो एकसंध व टणक राहतो. काम झाल्यावर वरच्या भोकात खुंटी अडकवून टाचेचा भाग दुमडला की फर्मा बोटभर आखूड होतो आणि जोड्याला धक्का न लावता बाहेर येतो. ही बिजागरी कोणत्याही पोथीतून निघालेली नाही. ती कामाच्या अडचणीतून निघाली आहे. जे ज्ञान हाताने मिळविले त्याला आमच्या समाजाने ज्ञान म्हटले नाही, आणि जे नुसते पाठ केले त्यापुढे मात्र हात जोडले, हे आमचे मोठे दुर्दैव होय.

आता पहिला प्रश्न. हा फर्मा कोणाच्या पायाचा? आपण दुकानात जाऊन सात नंबर, आठ नंबर असे मागतो. हे नंबर इंग्रजांच्या मापाचे आहेत, आणि ते माप मूळचे जवाच्या दाण्याचे आहे. तीन दाण्यांचा एक इंच, आणि दर नंबरामागे एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, लांबी वाढते. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुळ मोजीत असत. तेव्हा दाण्याने मोजण्यात काही वावगे नाही. वावगे इतकेच की दाणाही साहेबाचा व पायही साहेबाचा. इंग्रज १९४७ साली गेला, त्याचे माप मात्र आमच्या पायांत राहिले.

चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांची पावले मोजली. निष्कर्ष असा निघाला की आमची पावले युरोप-अमेरिकेतील लोकांच्या पावलांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून भारतीय पायासाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचविण्यात आली. मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी ज्याने भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहून जन्म काढला, त्याला हे सांगण्यास इतकी वर्षे लागावीत काय? त्याचा चवडा पसरट आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याचा मुलगा डोंबिवलीच्या कारखान्यात नोकरीस लागला, पहिल्या पगारात त्याने बूट घेतला आणि करंगळीला फोड आला, तेव्हा तो आपल्याच पायाला नावे ठेवू लागला. बाबा रे, पाय तुझा बरोबर आहे, फर्मा परक्याचा आहे! लांबी जुळावी म्हणून एक नंबर मोठा घ्यावा आणि टाच सटकू नये म्हणून आत कागद कोंबावा, ही आमच्या घराघरांतली कहाणी आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. त्यासाठी सातासमुद्रापलीकडची एक खरी हकीकत सांगतो. जान मात्झेलिगर नावाचा एक कारागीर १८५२ साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये जन्मला. त्याचा बाप डच व आई काळ्या वर्णाची. तो पुढे अमेरिकेतील लिन ह्या जोडे करणाऱ्या गावी येऊन कारखान्यात राबू लागला. त्या काळी शिवण्याची यंत्रे निघाली होती, परंतु फर्म्यावर कातडे ताणून बसविणे हे काम फक्त कुशल हातालाच जमे. चांगला कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड करी. यंत्राला हे कधीच साधणार नाही अशी सर्वांची खात्री होती. मात्झेलिगरने दिवसा मजुरी केली, रात्री अभ्यास केला आणि ते यंत्र करून दाखविले. २० मार्च १८८३ रोजी त्यास त्याची सनद मिळाली. हे यंत्र दिवसाला १५० पासून ७०० पर्यंत जोड काढू लागले. त्याच्या रंगामुळे त्या गावच्या कित्येक चर्चांनी त्यास आपल्यात घेतले नाही. शोधासाठी पैसा लागला, तेव्हा दोन तृतीयांश हिस्सा भांडवलवाल्यांस द्यावा लागला. १८८९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, तो क्षयाने गेला. १८९९ मध्ये त्या धंद्यातील मोठ्या कंपन्या एक झाल्या, आणि त्या एकत्र कंपनीने आपली यंत्रे कारखानदारांस विकण्याऐवजी भाड्याने देऊन पैसा केला. डोके काळ्या मजुराचे आणि भाडे गोऱ्या शेठजीचे! आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते, ते सगळ्या मुलखांत सारखेच.

आपल्या महाराष्ट्रातील ताजी गोष्ट घ्या. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा कंपनीने त्याच धाटणीच्या चपला मिरविल्या, आणि मूळ कोणाचे ह्याचा उल्लेख प्रथम केलाच नाही. ओरड झाली तेव्हा कबुली दिली. कोल्हापुरी चपलेला फर्मा लागत नाही, तिचा आकार कारागिराच्या नजरेत असतो, तरी ही गत. मग ज्या बुटाचा आकार बाजारातून विकत घ्यावा लागतो, त्यातील कारागिराचा टिकाव कसा लागावा?

आता ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या स्टेशनांबाहेर बसणाऱ्या आमच्या बांधवाकडे पाहा. सरकारी कागदांत त्याला गटई कामगार म्हणतात. गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून ह्याच्याच वाडवडिलांनी आमच्या विहिरीवरची मोट शिवली, आमच्या पायांतला जोडा केला. आज तो तुटलेला पट्टा जोडतो, छत्रीची काडी बसवितो, पॉलिश करतो. त्याच्या पेटीत आरी, रापी व ऐरण आहे, परंतु फर्म्यांचा पुरा संच सहसा नसतो. जोडा करणारा होता, तो टाका घालणारा झाला. कारण साधे आहे. पाच ते दहा नंबरांचा एकच संच म्हटला तरी डाव्या-उजव्या मिळून बारा फर्मे लागतात. जोडा फर्म्यावर आहे तोवर तो फर्मा दुसऱ्या कामाला मिळत नाही, म्हणून एकाच नंबराचे अनेक जोड ठेवावे लागतात. बाजारात टोकदार बुटाची चाल आली की चौकोनी टोकाचे फर्मे अडगळीत जातात. एवढे भांडवल फुटपाथवर बसणाऱ्याने कोठून आणावे? मग व्यापारी फर्मे देतो, कातडे देतो व दर जोडामागे मजुरी ठरवितो. बैल दुसऱ्याचा, औत दुसऱ्याचे, घाम तेवढा आपला, हा वाटेकरीपणा शेतकऱ्यास नव्याने समजावून सांगावयास नको.

सरकार काहीच करीत नाही असे आम्ही म्हणत नाही. गटई कामगारांस पत्र्याचे स्टॉल देण्याची राज्य सरकारची योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांत जोडे करणाऱ्याचाही समावेश झाला असून हत्यारांसाठी १५,००० रुपयांची तरतूद आहे. संत रोहिदासांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ तर १९७४ पासून आहे. परंतु डोक्यावर पत्रा आला म्हणून हातात धंदा आला असे होत नाही.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, ठाणे व कल्याण-डोंबिवली ह्या दोन्ही महापालिकांनी सदरहू महामंडळाच्या साहाय्याने एकेक सामायिक फर्माघर उघडावे. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसे कारागिराने तेथून वहीत सही करून हव्या त्या मापाचे बिजागरीचे फर्मे न्यावेत व काम झाल्यावर परत करावेत. फर्मे प्लॅस्टिकचे असावेत, कारण आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगते. ज्या ठाण्यात औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, १९६२ साली उभी राहिली, तेथे लेथवर व साच्यांवर हात बसलेले कामगार शोधावे लागणार नाहीत. रुंद पावलाचे आमचे फर्मे आमच्याच जिल्ह्यात घडू द्या.

दुसरी मागणी शाळांची. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एक जोड बूट व दोन जोड पायमोजे देण्याचे ठरवून दर मुलामागे १७० रुपये धरले. एवढ्या रकमेत कसला बूट व कसले मोजे येणार, हे कोणत्याही आईने सांगावे. ही रक्कम वाढवा आणि निदान आपल्या महापालिकांच्या शाळांतील मुलांची पावले मोजून ते काम कारागिरांच्या सहकारी सोसायटीस द्या.

तिसरी मागणी शिक्षणाची. पाऊल मोजणे, फर्मा निवडणे व दुरुस्त करणे हे औद्योगिक शिक्षण संस्थांत शिकवावे आणि त्यास सर्व जातींच्या मुलामुलींना घ्यावे. चर्मकाराच्या मुलाने डॉक्टर व्हावे, कलेक्टर व्हावे. बापाचा धंदाच करावा असा हट्ट धरणारा आमचा मित्र नव्हे. तसेच मराठ्याच्या, माळ्याच्या, आगऱ्याच्या पोराने जोडे करण्यास शिकावे. धंद्याला चिकटलेली जात सुटल्याशिवाय धंद्याला मान व दाम मिळणार नाही.

येथे आम्हांस आपल्याच लोकांचा कान धरला पाहिजे. भटजीने आम्हांस शूद्र म्हटले म्हणून आम्ही संतापलो, आणि घरी येऊन जोडे शिवणाऱ्यास ओटीखाली उभे केले. त्याचे पैसे वरून टाकले, त्याला पाणी वरून वाढले. ही भटशाही कोणत्या भटाने आमच्या हातून करविली? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो वरचा जू काढून खालच्याच्या मानेवर ठेवण्यासाठी नव्हे. आजही स्टेशनाबाहेर जोडा पुढे टाकताना 'ए' म्हणून हाक मारणाऱ्याने आपल्याच घरात सत्यशोधकाची तसबीर लावू नये.

सोसायटीबद्दलही एक इशारा. कारागिरांनी ती स्वतः चालवावी. नाही तर फर्मे चेअरमनच्या मेहुण्याच्या गोदामात आणि कारागीर पुन्हा फुटपाथवर, असा प्रकार व्हावयाचा. वही उघडी असावी, फर्म्यांवर नंबर असावा, हिशेब दर महिन्यास वाचून दाखवावा.

शेतकरी बंधूंनो, 'कसेल त्याची जमीन' ही गोष्ट एके काळी वेडेपणाची वाटत होती. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि पुष्कळ कुळे मालक झाली. मग शिवेल त्याचा फर्मा, असे म्हणण्यात वेडेपणा कोणता? नारायण मेघाजी लोखंडे ह्याच ठाण्यात १८४८ साली जन्मले. एकेकट्या गिरणीमजुराने मालकापुढे हात पसरून काही मिळत नाही हे ओळखून त्यांनी १८८४ साली मजुरांची सभा काढली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडली. त्यांच्या गावच्या कारागिरांनी बारा-बारा फर्म्यांसाठी व्यापाऱ्याच्या दारी का उभे राहावे? पुढच्या आठवड्यात आपल्या स्टेशनाबाहेरच्या कारागिराजवळ घटकाभर बसा, त्यास त्याच्या कामाविषयी विचारा आणि चारपाच जणांस एकत्र बोलवा. सोसायटीच्या अर्जास आरंभी माणसेच लागतात. पैसा मागाहून येतो.