फटफटीवर आकाशवाणी

फटफटीवर रेडिओ, आणि तोही थेट आकाशातून उतरणारा, असे म्हटले की आमच्या पेठेतली मंडळी कपाळाला हात लावतील. मागे बसलेली बायको काय ओरडते ते जिथे ऐकू येत नाही, तिथे गाणे कुठले? पण अमेरिकेत, ओहायो राज्यात, माझ्या भाच्याचे घर या एका प्रश्नावर तीन आठवडे ढवळून निघाले.

त्याची गाडी होंडा गोल्डविंग. सहा सिलिंडर, अठराशे सीसी, वजन चारशे किलोच्या घरात. सुट्टी मिळाली की स्वारी एकटीच पश्चिमेला निघते. नेब्रास्काचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. तिथे डुलकी हाच वैरी. साधे एफएम केंद्र तासाभरात मागे पडते आणि उरते ती खरखर. सूनबाई म्हणाली, "मामा, त्याला जागे ठेवणारे काहीतरी बसवा, नाहीतर एकट्याने जाणे बंद!"

तिकडे सिरियस आणि एक्सएम या कंपन्या २००८ साली एक झाल्या. महिन्याची वर्गणी भरली की देशभर तेच केंद्र ऐकावे. एक्सएमची युक्ती मला फार आवडली. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या दोन उपग्रहांकडून एकच कार्यक्रम येतो, पण एकाकडून काही सेकंद उशिरा. गाडी पुलाखालून गेली तरी निसटलेला तुकडा दुसऱ्याकडून भरून निघतो. (आपल्याकडचा वर्ल्डस्पेस २००९ अखेर बंद पडला, त्याची तबकडी खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवावी लागे, फटफटीचे नावच नको.)

बसवण्याचे काम मात्र किचकट. अँटेना लोहचुंबकाने चिकटणारी आणि मागची पेटी प्लॅस्टिकची! म्हणून आधी पोलादी पत्रा चिकटवला. वीज किल्लीबरोबर बंद होणाऱ्या तारेवरून घेतली, म्हणजे रात्रीतून बॅटरी उतरायला नको. तरी इंजिनाबरोबर चढणारी एक शीळ कानात येईच. ती घालवायला मध्ये एक छोटी डबी जोडावी लागली.

मग चाचणी. मी मागे बसलो. उत्तरेला जाताना सुरेख गाणे. दक्षिणेला वळलो की तुटक तुटक. भाचा ओरडला, "मामा, जरा वाका, उपग्रह अडवताय तुम्ही!" उपग्रह दक्षिणेच्या आकाशात आणि अँटेना माझ्या पाठीमागे, तेव्हा मध्ये मीच. ती पेटीच्या मागच्या काठावर सरकवली तेव्हा माझी ताठ बसण्याची सोय झाली.

आवाजाचे काय? वाऱ्याच्या घोंघावण्यावर मात करायला बाहेरचे कर्णे मोठे करत जाणे म्हणजे कानांचे वाटोळे. शिरस्त्राणातले छोटे कर्णे आणि बेताचा आवाज बरा. तरी दुसऱ्या राज्यात जाताना कायदा बघावा. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणारा हेडसेट घालून वाहन हाकायला बंदी आहे.

माझे मत विचाराल, तर गाण्याने कंटाळा जातो, झोप जात नाही. झोपेला उतारा एकच, गाडी थांबवून झोपणे. हे मी सूनबाईला सांगितले आणि तिने ते पक्के धरले. चालत्या गाडीवर बटणाला हात लावायचा नाही, केंद्र थांबल्यावरच बदलायचे, आणि दर दोन तासांनी उतरून घरी फोन करायचा.

भाचा शनिवारी पहाटे निघाला. पहिला फोन अडीच तासांनी आला, तेव्हा सूनबाई ओट्याशी उभी होती आणि चहा गार झाला होता.