गुरू प्रश्नांच्या वर नसतो

म्हैसूरच्या पट्टाभी जोईस यांनी अष्टांग योग जगभर पोहोचवला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. आसन ‘दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली ते लैंगिक स्पर्श करत, असे पुढे अनेक शिष्यांनी जाहीरपणे सांगितले. २०१९ मध्ये नातू शरथ जोईस यांनी माफी मागितली आणि असे अयोग्य प्रकार आपणही पाहिल्याचे मान्य केले.

म्हणजे हे बंद खोलीत नव्हे, भरलेल्या वर्गात घडत होते. मग लोक गप्प का राहिले? कारण गुरूवर शंका घेणे म्हणजे साधनेत कमी पडणे, असा समज होता. तक्रार ऐकायला गुरूखेरीज कुणी नव्हतेच.

आपण बौद्ध म्हणून निर्धास्त राहू नये. सोग्याल रिनपोछे यांच्या आठ शिष्यांनी २०१७ मध्ये पत्र लिहून अत्याचार उघड केले. २०१८ च्या चौकशी अहवालाने शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळ झाल्याचा निष्कर्ष काढला.

वर्षावासाच्या अखेरीस पवारणेत प्रत्येक भिक्खू संघाला आपले दोष दाखवायला सांगतो. खुद्द तथागतांनीही संघाला तसे विचारले. बाबासाहेबांनी बुद्धांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे.

मग आपल्या विहारांत, शिबिरांत स्वतंत्र तक्रार समिती हवी, तिच्यात महिला हव्यात, आणि बोलणारीला ‘चळवळीची बदनामी करू नको’ असे कुणी सुनावू नये. बदनामी तक्रारीने होत नाही. ती दाबल्याने होते.